वाचकांचे प्रश्न : मेलेल्यांतून उठणे म्हणजे काय?

ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या निमित्ताने इंदुरातील मराठी वाचकांकडून आलेली पत्रे या वेळी इतकी एकाच विषयाभोवतीची होती, की सदराची सर्व जागा त्या विषयालाच देणे योग्य वाटले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरे देणारी मी स्वतः ख्रिस्ती उपासक आहे आणि ही उत्तरे श्रद्धेच्या आतून दिलेली आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या शेजारचे मराठी ख्रिस्ती कुटुंब दरवर्षी ईस्टरच्या दिवशी पहाटे अंधारातच मेणबत्त्या आणि फुले घेऊन कबरस्तानात जाते व तेथे शोक न करता गीते गाते. आमच्या घरी आत्मा अमर आणि देह हे केवळ वस्त्र, असे संस्कार झाले. त्यांचे पुनरुत्थान आणि आपला पुनर्जन्म यांत फक्त बोलण्याचा फरक आहे, की विचाराचा? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : फरक विचाराचा आहे, आणि तो बराच खोल आहे. ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून असे फरक झाकण्याची रीत आपल्याकडे आहे. तिच्यामागे सद्भाव असतो, परंतु तिने दोन्ही विचारांवर अन्याय होतो, असे मला वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही हा मुळातच न मरणारा आहे आणि देह हे जुने झाल्यावर टाकून द्यायचे वस्त्र आहे. ख्रिस्ती आशा या पायावर उभी नाही. इब्री शास्त्राच्या आरंभी देव मातीपासून माणूस घडवतो, त्यात श्वास फुंकतो आणि आपण केलेले सर्व काही फार चांगले आहे असे पाहतो. त्यामुळे त्या परंपरेत माणसाने देह पांघरलेला नसतो, तर देहासहितच तो माणूस असतो. अशा माणसाला मृत्यू येतो तेव्हा तो खराखुरा येतो. मृत माणूस देवाच्या हाती सुखरूप आहे असे ख्रिस्ती लोकही मानतात, आत्म्याविषयी बोलतात. पण त्यांची अखेरची आशा आत्मा देहातून सुटावा अशी नसून देवाने सबंध माणसाला पुन्हा उभे करावे अशी आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत आम्ही म्हणतो त्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द आहेत ते याच कारणाने.

आपल्याला हा विचार विचित्र वाटत असेल तर तसे वाटणारे आपण पहिले नाही. येशूच्या काळी यहुदी समाजातही यावर एकमत नव्हते: परूशी पंथ मृतांचे पुनरुत्थान मानत असे, सदूकी पंथ मानत नसे. जे मानत त्यांचीही अपेक्षा अशी होती, की युगाच्या शेवटी सर्व मृत एकदम उठतील. एकच माणूस, इतिहास चालू असताना, रोमी सत्तेने वधस्तंभावर मारल्यानंतर तिसऱ्या दिवशी उठेल, ही कल्पना कोणाच्याच मनात नव्हती. पुढे येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला, तेव्हा तेथील विद्वानांनी त्याचे देवाविषयीचे बोलणे शांतपणे ऐकले, आणि मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच काही जण हसू लागले. आत्म्याचे अमरत्व त्यांना परिचयाचे होते. देहाचे उठणे मात्र त्यांना पटण्याजोगे नव्हते.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. योहानाच्या शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चार चरित्रे म्हणजे शुभवर्तमाने) बेथानीचा लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर येतो, परंतु तो आपल्या जुन्याच आयुष्यात परततो आणि त्याला पुन्हा कधीतरी मरावे लागणारच असते. येशूविषयी सांगितले जाते ते वेगळे आहे: तो मृत्यूतून मागे फिरत नाही, मृत्यूच्या पलीकडे निघून जातो. म्हणूनच त्याच्या दर्शनांचे वर्णन करताना शुभवर्तमानकारांची भाषा अडखळते. तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, हातपाय दाखवतो, आणि तरीही बंद दारांच्या खोलीत अचानक उभा राहतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर कितीतरी अंतर चालतात, पण भाकर मोडली जाईपर्यंत त्याला ओळखत नाहीत. ‘मेलेले कोणत्या शरीराने उठतात?’ या प्रश्नाला पौलाने करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, उत्तर दिले ते गव्हाच्या दाण्याचे. आपण जमिनीत पेरतो तो नुसता दाणा असतो, उगवून येते ते वेगळे दिसते, आणि तरी ते त्याच दाण्याचे असते. माळव्यात ईस्टर येतो तो नेमका गव्हाच्या कापणीच्या सुमारास, त्यामुळे आपल्याला हे अधिक सांगायला नको. त्याच पत्रात पौल ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो, कारण हंगामातली पहिली पेंढी देवाला अर्पण करण्याची यहुदी प्रथा त्याच्या डोळ्यांपुढे आहे. पहिली पेंढी आली याचा अर्थ बाकीचे पीक शेतात उभे आहे.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. ते पहाटे जातात कारण शुभवर्तमानांतील स्त्रियाही पहाटेच, सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेल्या होत्या. आणि ते गातात, कारण त्यांच्या दृष्टीने तेथे ठेवलेले आईवडील टाकून दिलेले वस्त्र नव्हेत. देवाच्या स्वाधीन केलेली ती माणसे आहेत, आणि येशूच्या बाबतीत जे घडले ते त्यांच्याही बाबतीत घडेल असा त्यांचा भरवसा आहे. त्यांनी बोलावले तर एखाद्या वर्षी आपण त्यांच्याबरोबर अवश्य जावे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझे पती गेले. आमच्या मंडळीत सर्वजण प्रेमाने वागतात, पण ‘ते प्रभूजवळ आहेत, आता रडायचे नाही, हा तर विजयाचा सण आहे’ असे वारंवार सांगतात. या ईस्टरला विजयाची गीते माझ्या तोंडून निघतील असे वाटत नाही. माझे दुःख म्हणजे माझा अविश्वास आहे का? (एक भगिनी, इंदूर)

उत्तर : नाही, ताई. तुमचे दुःख हा अविश्वास नाही, आणि हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. शास्त्रच तसे सांगते.

लाजराच्या कबरेपाशी काय घडले ते पुन्हा वाचावे. आपण काही क्षणांत लाजराला बाहेर बोलावणार आहोत हे येशूला ठाऊक आहे, आणि तरीही लाजराची बहीण मरीया हिला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो आत्म्यात व्याकूळ होतो. तेथे योहानाने लिहिलेले वाक्य मराठीत दोनच शब्दांचे आहे: ‘येशू रडला.’ पुनरुत्थानाच्या ज्ञानाने अश्रू थांबायला हवे असते, तर ते प्रथम त्याचे थांबले असते. वधस्तंभावरही त्याने विजयाचे गीत म्हटले नाही. मार्क आणि मत्तय यांच्या मते त्याच्या ओठी होती ती बाविसाव्या स्तोत्रातील हाक, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलेस?’

‘ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा तुम्ही खेद करू नये’ हे पौलाचे वचन अशा वेळी नेहमी पुढे केले जाते. इसवी सन ५० च्या सुमारास थेस्सलनीका येथील मंडळीला हे पत्र गेले, तेव्हा त्या मंडळीतील काही जण नुकतेच वारले होते आणि मागे राहिलेल्यांना त्यांची चिंता लागली होती. पौल त्यांना दुःख करू नका असे म्हणत नाही. दुःखात आशाही असू द्या, एवढेच तो म्हणतो. वचनाचा पूर्वार्ध सोडून ‘खेद करू नये’ एवढेच सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्या घरात रात्री एका ताटाची जागा रिकामी राहते, तेथे हे अर्धे वचन फार कठोर होते.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे, येशूच्या मृत्यूचा दिवस) आणि ईस्टर यांच्यामध्ये मंडळीने एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे, याकडेही मी तुमचे लक्ष वेधते. त्या शनिवारी काहीच घडत नाही. येशू कबरेत असतो, शिष्य दाराआड असतात. बहुतेक घरांत तो दिवस ईस्टरच्या तयारीत, सफाईत आणि बाजारहाटात निघून जातो, आणि याचे मला वाईट वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य बराच काळ त्या शनिवारीच चाललेले असते. तुम्ही आज तेथे आहात. तो दिवसही पवित्र सप्ताहाचाच भाग आहे.

आणि मग येशूची अनुयायी मरीया मग्दालीया हिच्याकडे पाहावे. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त सर्वांत प्रथम ज्या व्यक्तीला भेटतो ती व्यक्ती रडत असते. ‘बाई, का रडतेस?’ असे तो विचारतो, पण रडण्याबद्दल तिला दोष देत नाही, आणि तिच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. ती त्याला माळी समजते. त्याचा चेहरा पाहून, त्याचा आवाज ऐकूनही तिला ओळख पटत नाही. तो तिला तिच्या नावाने हाक मारतो तेव्हा पटते. मला यातून असे समजते, की मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला मोघम मनुष्यजात ठाऊक नाही, एकेक माणूस ठाऊक आहे. तुमच्या पतीचे नाव, त्यांचा स्वभाव, त्यांनी तुमच्याबरोबर काढलेली वर्षे यांतले काही पुसले जाऊन एखादे निनावी तेज उरावे, अशी आपली आशा नाही. थोमा या शिष्याला आठ दिवसांनी जे दाखवले गेले तेही हेच सांगते: उठलेल्या देहावर खिळ्यांचे वण होते. देवाने येशूला उठवले तेव्हा त्याचा इतिहास धुऊन काढला नाही.

या रविवारी तुम्ही चर्चमध्ये जाऊन नुसते बसलात तरी चालेल. गीते इतरांना गाऊ द्या. मंडळी असते ती याचसाठी, की ज्याचा कंठ दाटला आहे त्याच्या वाटचे इतरांनी म्हणावे. आणि कोणी पुन्हा ‘रडू नका’ म्हणाले, तर त्यांना योहानाचा अकरावा अध्याय वाचायला सांगावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. चारही शुभवर्तमानांतील ईस्टरच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. मग पुनरुत्थान ‘घडले’ असे कोणत्या आधाराने म्हणायचे? (एक विद्यार्थी)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. मत्तय दोन स्त्रियांचा उल्लेख करतो, मार्क तिघींचा, लूक आणखी स्त्रियांचा; योहान मात्र एकट्या मरीया मग्दालीयेला कबरेकडे पाठवतो. कबरेपाशी कोठे एक तरुण आहे, कोठे देवदूत, तर कोठे दोन पुरुष. चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान स्त्रिया भयभीत होऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, या वाक्यावरच संपते. नंतरच्या ओळी पुढे जोडल्या गेल्या असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौघांपैकी एकानेही प्रत्यक्ष उठण्याचा क्षण वर्णिलेला नाही. तो कोणी पाहिला असा दावाच नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वांत जुन्या साधनापासून सुरुवात करावी, आणि ते साधन शुभवर्तमाने नसून पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र आहे. ते सुमारे इसवी सन ५४-५५ मधले, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल दर्शनांची एक यादी देतो: केफा म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी आपण स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो नोंदवतो. आपल्याला जे सांगण्यात आले तेच आपण पुढे सांगत आहोत, असे तो म्हणतो. आणि गलतीकरांच्या पत्रावरून दिसते की यरुशलेममध्ये तो पेत्राजवळ पंधरा दिवस राहिला होता आणि याकोबालाही भेटला होता. त्यामुळे ही श्रद्धा कित्येक पिढ्यांनंतर आख्यायिकेतून वाढली, असे म्हणता येत नाही. ती अगदी प्रारंभापासूनची आहे.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या साक्षीची. त्या काळी स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो; लूक तर प्रामाणिकपणे सांगतो की खुद्द प्रेषितांना त्या स्त्रियांचे बोलणे वायफळ वाटले; आणि दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने या श्रद्धेची थट्टा केली ती नेमकी एका भ्रमिष्ट बाईच्या बोलण्यावर ती उभी आहे, असे म्हणूनच. लोकांना पटवण्यासाठी कथा रचायची असती, तर रचणाऱ्याने पहिले साक्षीदार असे निवडले नसते. पौलाच्या यादीत त्या स्त्रियांची नावे नाहीत, हेही आपण टिपून ठेवावे. चार शुभवर्तमानांनी मात्र ती गाळली नाहीत.

रोमी इतिहासकार टॅसिटसही ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या राजवटीत रोमी सुभेदार पंतय पिलाताने देहान्त शासन दिल्याची नोंद करतो. येथपर्यंत इतिहास आपल्याबरोबर येतो: येशू मारला गेला, त्याचे अनुयायी पांगले, आणि अल्पावधीतच तेच अनुयायी तो जिवंत आहे असे उघडपणे सांगू लागले, त्यासाठी छळ सोसू लागले. देवाने त्याला उठवले हे वाक्य मात्र इतिहासाच्या पद्धतीने सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, कारण त्याचा कर्ता देव आहे. मी ते वाक्य मानते. आपल्याला केवळ प्रसंगातील विसंगतीमुळे ते टाकावेसे वाटत असेल, तर प्रथम हे पाहावे की चार साक्षीदारांच्या तपशिलांत फरक असूनही मध्यवर्ती गोष्ट सर्वांची एकच आहे. आणि पौलाने या बाबतीत पळवाट ठेवलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो सरळ लिहून टाकतो.

प्रश्न : हे सर्व २००० वर्षांपूर्वीचे झाले. पुनरुत्थानावर विश्वास असल्याने आज माणसाच्या वागण्यात काय फरक पडतो? (एक वाचक, पलासिया)

उत्तर : याचे उत्तर इंदूरकरांना दूर शोधावे लागत नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातील उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांची भोसकून हत्या झाली. मूळच्या केरळच्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी त्या भागातील आदिवासींमध्ये काम करत होत्या आणि सावकारी पाशातून त्यांना सोडवण्यासाठी झटत होत्या. ज्यांचे हितसंबंध त्यामुळे दुखावले, त्यांनी हे करवले. मारेकऱ्याला शिक्षा झाली. पुढे राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या आणि त्याच्या हाताला त्यांनी राखी बांधली. २००६ मध्ये सुटल्यावर तो केरळात त्या कुटुंबाच्या घरी गेला, आणि त्या घराने त्याला आत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच झालेल्या समारंभात राणी मारियांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या अलीकडची पायरी) घोषित करण्यात आले.

अशी क्षमा अन्य धर्मांच्या माणसांनीही केलेली आहे, आणि ख्रिस्ती माणसांना ती पुष्कळदा जमत नाही. परंतु या कुटुंबाने ती कोठून आणली हे समजून घ्यायचे असेल, तर पुनरुत्थानाच्या कथा वाचाव्या लागतात. ज्यांनी येशूला सोडून पळ काढला होता त्यांच्यामध्ये परत आल्यावर त्याचे पहिले शब्द आहेत, ‘तुम्हांस शांती असो.’ पेत्राने कोळशाच्या विस्तवापाशी उभे राहून त्याला तीनदा नाकारले होते. तिबिर्याच्या समुद्राकाठी तशाच विस्तवापाशी, न्याहारी झाल्यावर, येशू त्याला तीनदा विचारतो, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ नकार विसरला गेलेला नाही, तो तीन वेळा स्पर्शून जातो, आणि त्यानंतरच पेत्रावर मेंढरे राखण्याचे काम सोपवले जाते. झालेला गुन्हा गुन्हाच राहतो, जखमेचा वण राहतो. पण मारणाऱ्याचा शब्द शेवटचा ठरत नाही. वधस्तंभाच्या संदर्भात हे मान्य केले, म्हणजे बसमधील त्या प्रसंगाच्या संदर्भातही मान्य करण्याची वाट उघडते. सेल्मी पॉल त्या वाटेने गेल्या.

प्रश्न : माझे वडील ख्रिस्ती आहेत, पण आपले दहन व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. नातेवाईक म्हणतात की त्यामुळे पुनरुत्थानाला बाधा येते. (एक वाचक)

उत्तर : बाधा येत नाही. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील लियों येथे ख्रिस्ती लोकांना ठार केल्यानंतर त्यांचे देह मुद्दाम जाळून राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली, जेणेकरून त्यांना उठण्याची आशाच राहू नये. ही हकीकत प्राचीन चर्च-इतिहासकार युसेबियसने नोंदवली आहे. मंडळीने त्या हुतात्म्यांच्या पुनरुत्थानाविषयी कधीही शंका घेतली नाही. ज्याने मातीपासून माणूस घडवला त्याला राखेची अडचण पडत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला अनुमती दिली. मात्र दफनाला प्राधान्य कायम ठेवले, आणि २०१६ च्या निर्देशानुसार राख विखुरू नये, घरी ठेवू नये, ती पवित्र जागी ठेवावी असे सांगितले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सर्वसाधारणपणे मनाई नाही. वडील हयात असतानाच आपल्या धर्मगुरूंशी त्यांचे बोलणे करून द्यावे, म्हणजे ऐनवेळी घरात वाद होणार नाही.

प्रश्न : नाताळची तारीख ठरलेली, मग ईस्टरची का बदलते?

उत्तर : येशूचा मृत्यू यहुदी वल्हांडण सणाच्या वेळी झाला आणि तो सण चांद्र पंचांगाने, पौर्णिमेला धरून येतो. इसवी सन ३२५ च्या निकाया येथील धर्माध्यक्षांच्या परिषदेने सर्व मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. रूढ झालेला नियम असा, की २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर. यासाठीची पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातून काढतात, तरी ती आकाशातील पौर्णिमेच्या जवळपासच असते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो, आणि आपल्या पंचांगाच्या हिशेबाने होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागोमाग पडतो: २०२४ मध्ये तो होळीनंतर ३१ मार्चला आला, २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर २० एप्रिलला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या जुलियन पंचांगाने गणित करतात, म्हणून २०२७ मध्ये आपल्याकडील बहुतेक चर्चमध्ये ईस्टर २८ मार्चला असेल आणि त्यांचा २ मे रोजी.